बारामतीकर नाईक (जोशी) घराणे : दफ्तर व परगण्यांचे कागद

पुणे जिल्ह्यातील बारामती येथील चित्पावन सावकार घराणे आणि त्याच्याशी, तसेच लगतच्या इंदापूर परगण्याशी संबंधित अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील कागद. घराण्याचे आडनाव जोशी. नाईक हा सावकारीमुळे चिकटलेला किताब. बारामतीकरांचा शोध मुख्यतः दुसऱ्यांच्या दफ्तरांतून घ्यावा लागतो. ज्यांनी त्यांच्याकडून पैसा उचलला, ज्यांच्याशी सोयरीक झाली आणि ज्या सरकारने मामलतीचा हिशेब मागितला, त्यांच्या कागदांत नाईक सापडतात.

घराणे : बाबूजी नाईक हा या घराण्यातील ठळक पुरुष. त्याचा भाऊ आबाजी याला बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी भिऊबाई दिली होती. बाबूजी हा अशा रीतीने पहिल्या बाजीरावाच्या सोयरिकीतला माणूस होता आणि त्याच वेळी धनकोही. कऱ्हा नदीकाठचा तटबंदीचा वाडा त्याच्याच नावाने ओळखला जातो. वंशावळीच्या तपशिलांत एकवाक्यता नाही.

कर्जाचे कागद : पहिल्या बाजीरावावर कर्जाचा डोंगर होता, हे त्याच्या स्वतःच्या पत्रव्यवहारावरूनच दिसते. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकार व शिलेदार यांच्या तगाद्याची रड आहे. ही पत्रे द. ब. पारसनीस यांच्यामुळे अभ्यासकांसमोर आली. बाबूजी नाईक हा या तगादेवाल्यांत पुढे होता. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे बाजीराव वारला, तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांनी पेशवाईच्या वस्त्रांसाठी बाबूजीचे नाव पुढे केले. त्यासाठी छत्रपती शाहूंना मोठा नजराणा देऊ केला होता, असे इतिहासकार ग्रँट डफपासून अनेक लेखक सांगतात. शाहूंनी वस्त्रे बाजीरावाच्या मुलाला, नानासाहेबाला दिली. त्यानंतर बाबूजीने जुन्या कर्जाची मागणी लावून धरली व महादोबा पुरंदरे यांनी पुढे होऊन ती भागवण्याची व्यवस्था केली, अशी हकीगत आहे. बखरकार व पेशवेपक्षीय लेखक या प्रकरणी नाईकास मत्सरी ठरवतात. सावकाराने आपले येणे मागितले, एवढाच त्याचा अर्थ कोणी लावला तर कागद त्याच्या आड येत नाहीत. पुढे १७४० च्या दशकात कर्नाटक प्रांताची कामगिरी शाहूंनी बाबूजीकडे सोपवली. ती अंगावर आली, तोटा झाला. त्यानंतर १७४६ च्या अखेरीस नानासाहेबाचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ त्या मुलखात रवाना झाले.

छापील साधनांत या व्यवहारांचे कागद विखुरलेले आहेत. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दफ्तराच्या निवडक कागदांचे ४५ खंड, गणेश चिमणाजी वाड यांनी काढलेले रोजनिशीतील उतारे आणि वि. का. राजवाडे यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड मुख्य होत. निवड राजकारणाच्या अंगाने झाली असल्याने छापील नाईक हा कारस्थानी दिसतो. व्याज, हप्ता, वरात आणि हुंडी यांत बुडालेला नाईक पाहायचा तर न छापलेल्या रुमालांकडे, म्हणजे कापडात बांधलेल्या दफ्तराच्या गठ्ठ्यांकडे, वळावे लागते.

हिशेबी कागद : घराण्याचा पैसा मामलतीत गुंतला की त्याचा माग परगण्याच्या हिशेबात लागतो. पेशवाईत कमाविसदाराने वर्षाचा अंदाज म्हणजे अजमास आधी पाठवायचा, त्यावर सरकारला रसद म्हणजे आगाऊ रक्कम भरायची आणि वर्षअखेर ताळेबंद द्यायचा, अशी रीत होती. रसदेची रक्कम सहसा सावकाराकडून उचलली जाई, म्हणून व्याजाची कलमे सरकारी हिशेबातच नोंदलेली दिसतात.

ताळेबंदाचा एक बंद वाचायचा कसा, ते थोडक्यात असे. जाड जुन्नरी कागदाचा लांब उभा तुकडा असतो. माथ्यावर ‘श्री’, त्याखाली परगण्याचे नाव आणि शुहूर सन. सन आकड्यांत नसून अरबी शब्दांत : ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर व हजार मिळून ११७१, अर्थात इ. स. १७७०-७१. बोरूने आधी आडवी रेघ ओढलेली असते आणि मोडी अक्षरे हात न उचलता तिला टांगलेली असतात. प्रथम जमा : ऐन जमा, सायर, जकात, बाबती. मग वजा : देवस्थाने, इनाम गावे, देशमुख-देशपांड्यांचे हक्क. नंतर खर्च : शिबंदी, कारकुनांचा रोजमुरा, कागद-शाई, व्याज. शेवटी बाकी, आणि ती जमा-खर्चाच्या कोणत्या बाजूस पडली हे सांगणारी एक ओळ. नवशिका आकडे आधी वाचतो. त्याने ‘पैकी’ आणि ‘बद्दल’ हे दोन शब्द आधी ओळखावेत. एक रक्कम दुसरीच्या पोटात धरली आहे की तिच्यावेगळी आहे, हे त्यांवरूनच कळते आणि बेरजेतल्या चुका बहुधा तिथेच होतात.

इंदापूर परगणा : भीमेच्या दक्षिण तीरावरील हा कमी पावसाचा मुलूख. भोसले घराण्याशी त्याचा संबंध जुना. मालोजीराजे इंदापूर येथे लढाईत पडले, असे परंपरा सांगते. सालाबद्दल मतभेद आहेत. सुपे परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत होता.

इंदापूरची महसुली कागदपत्रे विशेष भरीव आहेत. जपानी अभ्यासक मिचिहिरो ओगावा यांनी पुण्यातील मोडी कागदांवरून या परगण्याच्या ग्रामीण व्यवस्थेचा अभ्यास केला. तनखा, कमाल, पाहणीचा खर्डा, जमाबंदी, कुळांचे झाडे आणि उगवणीचे हिशेब यांतून गावामागून गाव उभे करता येते. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या स्वारीने मुलूख तुडवला गेला, त्याच्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. ओस गावांची लावणी व्हावी म्हणून इस्ताव्याचे कौल दिले गेले. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग वर्षागणिक चढ, अखेरीस पुरा आकार, असा हा कौल असे. कुळे परत आणायची, पण सरकारचा हक्क सोडायचा नाही, ही त्यामागची हिशेबी युक्ती.

१८१८ नंतर हेच कागद इंग्रजांना लागले. असिस्टंट कलेक्टर आर. के. प्रिंगल याने दख्खनची मोजणी केली आणि लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला. सिद्धान्त कागदावर चोख होता. प्रत्यक्षात खालच्या अंमलदारांनी जमिनीची प्रतबंदी बिघडवली, आकारणी भारी झाली आणि इंदापुरातली शेते पडीक राहू लागली. १८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड व लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापुराची फेरतपासणी हाती घेतली. त्यांनी निव्वळ उत्पन्न मोजण्याचा नाद सोडला. जमीन तीन जातींत व खोलीवरून नऊ प्रतींत विभागली, तिची किंमत आण्यांत धरली. चुनखडी, वाळू, उतार असे दोष आढळले की प्रत एकेक पायरी उतरवायची. प्रत्येक शेताला क्रमांक, बांधाला खूण, आणि आकार ३० वर्षांसाठी कायम. १८३६ पासून इंदापुरात हे दर लागू झाले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने याच पद्धतीला मुंबई इलाख्याचा नियम बनवले. आजही सातबाऱ्यावर जो गट वा सर्व्हे क्रमांक असतो, त्याची मुळे या मोजणीत आहेत. प्रस्तुत विषयात इंदापुराचा क्रम म्हणूनच पहिला लागतो, बारामतीचा वाडा कितीही देखणा असो.

सुपे, १८७५ : ३० वर्षांची मुदत संपल्यावर आकारणी वाढली, कापसाच्या भावाची तेजी ओसरली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे (आज बारामती तालुका, तेव्हा भीमथडी) बाजाराच्या दिवशी जमावाने सावकारांची घरे-दुकाने फोडून खते व वह्या मागितल्या आणि जाळल्या. कागदांच्या इतिहासात या प्रसंगाला स्वतंत्र जागा आहे, कारण इथे नाश अपघाताने झालेला नाही. ज्या कागदाने कूळ बांधले गेले होते तोच नेमका वेचून जाळला गेला. चौकशीसाठी दख्खन दंगे आयोग नेमला गेला. १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. त्याने खत कसे लिहावे, कोणी नोंदवावे, पावती कशी द्यावी यांचे नियम घालून दिले. सावकारी कागदाला त्यामुळे पुढे सरकारी साचा आला.

मोरोपंत : कवी मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) यांचे वडील रामाजीपंत नाईकांच्या चाकरीस बारामतीला आले, मागाहून, १७५२ च्या सुमारास, पन्हाळ्याहून मोरोपंतही आले आणि नाईकांच्या आश्रयाने पुराणिक म्हणून तेथेच राहिले. ‘केकावली’ व परंपरेने १०८ मानली जाणारी रामायणे यांचा कर्ता बारामतीचा म्हणून ओळखला जातो तो यामुळे. वंशजांपैकी रामचंद्र दत्तात्रय पराडकर यांनी त्यांची कविता संपादून छापली, ल. रा. पांगारकर यांचे चरित्र १९०८ मध्ये निघाले. आश्रितांच्या पोथ्यांना असे घरचेच संपादक लाभले. आश्रयदात्याच्या वह्यांना तसे भाग्य लाभलेले दिसत नाही.

स्त्रिया : भिऊबाईखेरीज उल्लेख तुरळक.

जतन व वापर : पेशव्यांचे दफ्तर आज पुणे पुरालेखागारात आहे. ही इमारत १८९१ मध्ये पुरी झाली व दीर्घकाळ ‘एलिएनेशन ऑफिस’ म्हणून ओळखली जाई, कारण १८५२ च्या अकराव्या कायद्याखाली इनाम कमिशनने इनामांची छाननी याच कागदांवरून केली. इनामदाराने दाखवलेली सनद आणि दफ्तरातील नोंद जुळली नाही तर इनाम जाई. त्या धास्तीने घराघरांतून मूळ सनदा व त्यांच्या नकला कैफियतींसोबत कमिशनपुढे आल्या. खाजगी कागद सरकारी रुमालात शिरण्याचा तो एक मोठा मार्ग. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, जमाव, पागा, पथके, चिटणिशी अशी दफ्तराची विभागणी आहे. नाईकांचा शोध ‘नाईक’ किंवा ‘जोशी’ या नावाखाली घेणाऱ्याचा वेळ जातो, कारण दोन्ही नावे दफ्तरात उदंड आहेत. प्रांत अजमासात बारामती, सुपे, इंदापूर या महालांखाली शोध सुरू करावा, शुहूर सन जंत्रीवरून बसवून घ्यावा, मग त्याच सालच्या रोजकीर्दीतील वराती व रसदेची कलमे ताडून पाहावीत.