गौळणीतला पेंद्या

मंडळी, वैरागसारख्या बाजाराच्या गावी तमाशाची कनात लागली, गण झाला, की गौळण येते. तुम्ही ती कितीदा तरी पाहिली असेल. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडते; आधी जकात द्या, मग पुढे व्हा! कृष्ण गोड बोलतो. तो पडला देव, त्याला सगळे माफ. फजिती होते ती पेंद्याची. संतांच्या काल्याच्या अभंगांतला हा भोळा सवंगडी फडावर मावशीच्या मागे लागतो, आणि मावशी त्याला शब्दाशब्दाला झिडकारते.

आता गंमत पाहा. आपल्या सोलापूरच्या राम जोशींनी पुराणिकाचे घर सोडून पेशवाईच्या अखेरीस लावणी गाजवली. शृंगाराच्या लावणीत झुरते ती बहुधा स्त्री. गौळणीत झुरतो पुरुष, आणि हसेही त्याचेच होते.

पण हा नकार देतो कोण? मावशी म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष. गौळणींच्या वेषातही पूर्वी पुष्कळदा पोरेच नाचत. पुढे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि पवळा ही जोडी गाजली, तेव्हा शाहिराचे शब्द खऱ्या बाईच्या तोंडून ऐकायला माणसे लोटली. शब्द शाहिराचेच. पोटासाठी पायांत चाळ बांधणारीला कनातीबाहेर ‘नाही’ म्हणणे कितपत साधत असेल? हशा पिकला की मला तरी हे आठवते.

पेंद्याला त्याचे काय! तो उद्या पुढच्या गावी पुन्हा वाट अडवायला हजर.