शेवंडीचे कवच आणि गुडघ्याची गोळी

‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. दिवसभर फळ्यासमोर उभे राहणाऱ्या शिक्षकांना ही तक्रार चांगलीच परिचयाची असते. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. वय वाढते तसा तो झिजू लागतो, जवळचे हाड आणि सांध्याचे अस्तरही बदलते, आणि उठता-बसता कळ येते. हा ऑस्टिओआर्थ्रायटिस. अशा वेळी कोणीतरी ग्लुकोसअमाईनच्या गोळ्या सुचवतो. या गोळीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

त्याची सुरुवात झाली ती गुडघ्यात नव्हे, तर शेवंडीच्या कवचात. 1876 साली गेओर्ग लेडरहोजे या जर्मन तरुणाने शेवंडीच्या कवचातील कायटिनवर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया केली. त्यातून त्याला एक स्फटिकरूप पदार्थ मिळाला. ग्लुकोजच्या रेणूला अमिनो गट जोडलेली ही शर्करा म्हणजेच ग्लुकोसअमाईन. लेडरहोजे पुढे शल्यचिकित्सक झाला. या शर्करेच्या रेणूची नेमकी रचना निश्चित व्हायला मात्र 1939 साल उजाडले. ते काम होते नोबेल पारितोषिक विजेते नॉर्मन हॉवर्थ यांचे.

कूर्चेच्या घडणीतही ही शर्करा लागते, हे यथावकाश कळले. मग तर्क सरळ होता : कूर्चा झिजली आहे ना? मग तिचा कच्चा माल पोटातून द्यावा. तर्क पटण्याजोगा खरा, पण त्यात एक पायरी गाळलेली होती. केस वाढावेत म्हणून कोणी केस खात नाही! शरीर ग्लुकोसअमाईन स्वतःच ग्लुकोजपासून तयार करते. शिवाय गिळलेल्या गोळीतील बराचसा भाग यकृतातच खर्ची पडतो. सांध्यापर्यंत किती पोचते, आणि पोचले तरी त्याची कूर्चा होते का, हे तर्काने ठरत नाही. त्यासाठी प्रयोगच हवा.

बाजार मात्र प्रयोगासाठी थांबला नाही. 1994 साली अमेरिकेत पूरक आहाराविषयी कायदा झाला. त्यानुसार असा माल विकण्यापूर्वी त्याचा गुण सरकारपुढे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. 1997 साली जेसन थिओडोसाकिस यांचे ‘द आर्थ्रायटिस क्युअर’ हे पुस्तक गाजले आणि गोळ्यांचा खप झपाट्याने वाढला. 2001 साली ‘लॅन्सेट’मध्ये 212 रुग्णांवरील तीन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. गोळी घेणाऱ्यांच्या गुडघ्यातील फट कमी अरुंद झाली, असा तिचा निष्कर्ष होता. या चाचणीला गोळी बनवणाऱ्या कंपनीचे पाठबळ होते.

अखेर अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी मोठी चाचणी हाती घेतली. तिचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. गुडघेदुखीच्या 1583 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाच गट पाडले. एकाला ग्लुकोसअमाईन, दुसऱ्याला कॉन्ड्रॉइटिन, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक, आणि पाचव्याला औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी, म्हणजे प्लॅसिबो. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. चोवीस आठवड्यांत दुखणे किमान 20 टक्के कमी झाले, तर गुण आला असे धरायचे होते.

ग्लुकोसअमाईन घेणाऱ्यांपैकी 64 टक्के लोकांना गुण आला. हा आकडा ऐकून कोणीही गोळी विकत घेईल. पण रिकाम्या गोळीने किती जणांना बरे वाटले? 60 टक्के! उरलेला फरक इतका थोडा होता की तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. वेदनाशामकाने 70 टक्के लोकांना गुण आला.

रिकाम्या गोळीने दुखणे कसे थांबले? हे दुखणे मुळात चढ-उताराचे असते. माणूस उपचाराला जातो तो ते शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते आपोआपही उतरते. त्यात कोणी आपुलकीने विचारपूस केली की आशा वाढते. म्हणून ‘मला गुण आला’ हा अनुभव खोटा नसतो. त्याचे श्रेय गोळीला देणे हा मात्र वेगळा दावा असतो.

याच चाचणीत तीव्र दुखणे असलेल्यांच्या लहान गटाला दोन्ही औषधे एकत्र घेतल्यावर बराच लाभ दिसला. विक्रेत्यांनी तो उचलून धरला. पण दोन वर्षांच्या पाठपुराव्यात रिकाम्या गोळीपेक्षा लक्षणीय लाभ आढळला नाही. 2010 साली दहा चाचण्यांतील 3803 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हाही पदरी फारसे पडले नाही. उद्योगाच्या पैशाशिवाय झालेल्या चाचण्यांत तर परिणाम आणखी लहान होता. 2019 साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने गुडघ्यासाठी ग्लुकोसअमाईन देऊ नये, असे स्पष्टच सांगितले.

मग आहाराचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो बाटलीत मिळत नाही. फ्रॅमिंगहॅम या अमेरिकन गावातील दीर्घ अभ्यासात 1992 साली दिसले की, दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन घटलेल्या स्त्रियांत गुडघेदुखीचा हा विकार जडण्याची शक्यता निम्म्याहून कमी झाली होती. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. बेताचे जेवण आणि झेपेल इतका नियमित व्यायाम यांची जाहिरात मात्र कोणी करत नाही.

हे आकडे वर्गात फळ्यावर मांडून पाहावेत. आधी फक्त 64 लिहावा आणि गोळी घ्याल का, असे विचारावे. मग शेजारी 60 लिहून तोच प्रश्न पुन्हा विचारावा.