चार्जिंग केंद्रांच्या नकाशावर यवतमाळ

नागपूरहून वर्धा, यवतमाळमार्गे नांदेडला जाणारा रस्ता सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा आहे. विजेवर चालणारी मध्यम आकाराची मोटार एकदा बॅटरी भरल्यावर, वातानुकूलन सुरू ठेवून, प्रत्यक्षात दोनशे ते अडीचशे किलोमीटर धावते. साहजिकच वाटेत एकदा थांबावेच लागते आणि थांबण्याची सोयीची जागा यवतमाळ जिल्ह्यातच येते. त्यामुळे येथील चार्जिंग सुविधेचा प्रश्न केवळ यवतमाळकरांपुरता नाही.

राज्य सरकारने जुलै २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात २०२५ पर्यंत अडीच हजार चार्जिंग केंद्रांचे उद्दिष्ट होते. त्यापैकी मुंबई महानगराला १५००, पुण्याला ५००, नागपूरला १५० आणि अमरावतीला ३० केंद्रे ठरली. नाशिक, सोलापूर आणि तेव्हाचे औरंगाबाद यांचाही यादीत समावेश होता. यवतमाळ त्यात नव्हते. वाहने जिथे जास्त तिथे केंद्रे, हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो. पण केंद्र नाही म्हणून वाहन घेतले जात नाही आणि वाहने नाहीत म्हणून केंद्र उभे राहत नाही, या चक्रात १३ हजार ५८२ चौरस किलोमीटर विस्ताराचा, सोळा तालुक्यांचा जिल्हा अडकतो, याचा विचार त्यात झालेला नव्हता. समृद्धी महामार्गही शेजारच्या वर्धा, अमरावती, वाशीम जिल्ह्यांतून जातो, यवतमाळला वगळून.

महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्र असावे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्येच सांगितले होते. एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या नव्या धोरणानेही राष्ट्रीय महामार्गांसाठी हेच अंतर धरले. या मोजमापाने राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी आणि ३६१ वर कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड ही गावे केंद्रांसाठी स्वाभाविक ठरतात. पुसद, दिग्रस, दारव्हा ही मोठी गावे मात्र या दोन्ही रस्त्यांपासून बाजूला राहतात.

खरी अडचण यंत्राची नाही, विजेची आहे. चाळीस युनिट क्षमतेची बॅटरी घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर भरायला बारा-तेरा तास लागतात. महामार्गावर एवढा वेळ कोण थांबणार? तिथे ५० ते ६० किलोवॅटचे जलद यंत्रच हवे. त्यावर तासाभरात सुमारे ८० टक्के बॅटरी भरते; पुढचा भाग मुद्दाम संथ गतीने भरला जातो. पण पाच अश्वशक्तीचा कृषिपंप सुमारे पावणेचार किलोवॅट वीज घेतो, म्हणजे असे एक यंत्र सोळा पंपांइतका भार टाकते. खेड्यातील ६३ केव्हीएच्या डीपीवर हा भार घालता येणार नाही. स्वतंत्र रोहित्र आणि बऱ्याचदा स्वतंत्र वाहिनीही लागते. केंद्र सुरू करण्यास २०१८ पासून परवाना लागत नाही, तरी खर्चाचा मोठा वाटा इथे जातो. शिवाय विदर्भातील ४५ अंशांच्या उन्हात बॅटरी तापली की वाहनच वीज घेण्याचा वेग कमी करते. सावलीचे छप्पर ही इथे चैन नव्हे. आणि एकाच ठिकाणी एकच यंत्र असेल, तर ते बंद पडलेल्या दिवशी त्या केंद्राचा उपयोग शून्य. निदान दोन यंत्रे आणि ती चालू आहेत की नाही हे घरून निघण्यापूर्वी मोबाइलवर कळण्याची सोय, एवढे तरी हवेच.

दुचाकीस्वारांचे तितके अडत नाही. दुचाकी रात्री घरीच भरता येते. सदनिकांमध्ये राहणाऱ्यांना मात्र वाहनतळावर स्वतंत्र मीटरची जोडणी लागते.

ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या केंद्राच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत चार्जिंग केंद्रांसाठी दोन हजार कोटी रुपये ठेवले आहेत. त्यात यंत्राबरोबरच रोहित्र व वीजवाहिन्यांचा खर्चही अनुदानास पात्र आहे.