क्यूएमएफ : मेनफ्रेमवरील स्थापनेचे नियोजन

आयबीएमच्या डीबी२ या डेटाबेसला प्रश्न विचारून उत्तराचा अहवाल मांडून देणारे सॉफ्टवेअर. पूर्ण नाव क्वेरी मॅनेजमेंट फॅसिलिटी. एसक्यूएल न येणाऱ्यालाही त्यात रिकाम्या तक्त्यात नमुना भरून प्रश्न विचारता येतो. ही मोठी सोय आहे.

झेड/ओएस ही मेनफ्रेमची कार्यप्रणाली आणि डीबी२ यांच्या आवृत्त्या जुळतात का, वापरकर्ते टीएसओ की सीआयसीएस यांपैकी कोणत्या वातावरणातून येणार, हे स्थापनेआधी ठरवावे लागते. फायली जागेवर बसवण्याचे व पुढच्या दुरुस्त्यांची नोंद ठेवण्याचे काम एसएमपी/ई हे स्थापना-साधन करते. साठवलेले प्रश्न, अहवालांचे आराखडे व वापरकर्त्यांची प्रोफाइल नियंत्रण-तक्त्यांत राहतात. त्यांना वाढीचा अंदाज धरून डिस्कवर जागा द्यावी.

सर्वाधिक विचार मागणारा भाग म्हणजे ‘गव्हर्नर’. कोणी अट न घालता अख्खा तक्ता मागितला, तर ठरलेल्या ओळींनंतर गव्हर्नर तो प्रश्न थांबवतो. ही मर्यादा कारकून, विश्लेषक आणि प्रोग्रॅमर यांना वेगवेगळी हवी; सर्वांना एकच लावणे चुकीचे.

तक्त्यांच्या राखीव प्रती कुठे ठेवायच्या, हेही नियोजनातच येते. कोकणातल्या चिपळूण शहरातील लोकांना याचे महत्त्व सांगावे लागत नाही : २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी व शिव नद्यांच्या पुरात बाजारपेठ बुडाली, १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील ग्रंथ भिजले. त्या पूररेषेतल्या संगणककक्षाची प्रत शेजारच्या इमारतीत ठेवून भागणार नाही. ती घाटावरच्या दुसऱ्या केंद्रात असावी आणि तिथून परत उतरवण्याची चाचणीही वेळापत्रकात असावी.