व्हाइटचॅपलचे कलादालन

कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माणसाने कलादालनावर बोलावे, हे पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. त्यात त्यांचा दोष नाही. चित्रकलेशी आमचा संबंध शाळेतल्या ड्रॉइंगच्या तासापुरता. आणि शाळाही दहावीपूर्वीच सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातील पुस्तकांवर झाले. पण वीसेक वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. एका मोर्चासाठी आम्ही मंडळी मोठ्या शहरात गेलो होतो. परतीच्या गाडीला चार तास अवकाश होता. समोर एक कलादालन दिसले. 'प्रवेश विनामूल्य' अशी पाटीही होती. आम्ही आठजण पायऱ्या चढलो. दाराशी बसलेल्या माणसाने आमच्या चपलांकडे पाहिले आणि विचारले, "कुणाकडे काम आहे?" त्याने आम्हांला अडवले नाही. पण त्या एका प्रश्नाने आमच्यातले सहाजण पायऱ्या उतरून चहाला गेले. आत गेलो ते दोघेच, आणि तेही चोरासारखे.

दार विनामूल्य असणे आणि ते खरोखर उघडे असणे यांत अंतर किती, हा प्रश्न तेव्हापासून आम्हांला छळतो आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही लंडनच्या एका कलादालनाच्या इतिहासापाशी पोहोचलो. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

लंडनच्या पूर्व भागाला तिकडे ईस्ट एन्ड म्हणतात. आपल्या मुंबईच्या गिरणगावासारखाच तो कष्टकऱ्यांचा मुलूख. मात्र तेथे गिरण्यांऐवजी गोद्या आणि शिवणकामाचे कोंदट कारखाने. तासाला सहा पेन्स मजुरीसाठी गोदी कामगारांनी १८८९ साली संप करून जिंकला, तो याच भागात. रशियातील अत्याचारांमुळे परागंदा झालेली हजारो ज्यू कुटुंबे १८८१ नंतर येथेच येऊन राहिली. व्हाइटचॅपल हे या वस्तीचे नाक.

सॅम्युअल बार्नेट नावाचे पाद्री १८७३ साली पत्नी हेन्रिएटा यांच्यासह येथील सेंट ज्यूड चर्चवर रुजू झाले. १८८१ च्या ईस्टरमध्ये त्यांनी चर्चच्या शाळेच्या खोल्यांत चित्रांचे प्रदर्शन मांडले. चित्रे सारी उसनी. कोणी धनिकाने दिलेली, कोणी चित्रकाराने. चित्रापाशी उभे राहून त्याचा अर्थ सांगणारी माणसेही त्यांनी नेमली. आणि मुख्य म्हणजे प्रदर्शन रविवारी उघडे ठेवले. रविवार हा प्रार्थनेचा वार, त्या दिवशी असले उद्योग कसले, म्हणून धर्मनिष्ठांनी ओरड केली. बार्नेट हटले नाहीत. ज्याला आठवड्यात एकच सुटी, त्याच्या दृष्टीने त्या दिवशी मिटलेले दार कायमचेच मिटलेले. ज्याने हजेरीपत्रक हाताळले आहे त्याला हा हिशेब समजावून द्यावा लागत नाही.

येथे आमच्यातला युनियनवाला आडवा येतो. चित्रे पाहून गरिबाचे मन उन्नत होईल, आचरण सुधारेल, अशी बार्नेट यांची श्रद्धा होती. मजुरी आणि घरभाडे जागच्या जागी ठेवून मन तेवढे उन्नत करावयाच्या योजनांविषयी आम्हांला फारसे प्रेम नाही. तथापि न्यायाने बोलावयाचे तर एवढे मान्य केले पाहिजे की, बार्नेट दांपत्याने १८८४ साली उभारलेल्या टॉयन्बी हॉलमधील मंडळींनी १८८९ च्या संपात गोदी कामगारांना साथ दिली होती.

वीस वर्षांच्या या खटपटीतून १२ मार्च १९०१ रोजी कलादालनाची स्वतःची इमारत उघडली. वास्तुशिल्पी चार्ल्स हॅरिसन टाउन्सेंड. भल्या मोठ्या कमानीखालचे दार सरळ रस्त्याच्या पातळीवर ठेवलेले, प्रवेश विनामूल्य. पहिल्याच प्रदर्शनाला सहा आठवड्यांत २ लाख ६ हजार माणसे आली. पुढे १९०५ साली परदेशातून येणाऱ्या गरिबांना अटकाव करणारा कायदा पार्लमेंटने केला. त्याचा रोख मुख्यतः ज्यू निर्वासितांवर होता. लगोलग १९०६ साली या दालनाने ज्यू कला आणि प्राचीन वस्तूंचे प्रदर्शन भरवले. शेजाऱ्यावर बोट रोखले जात असता त्याच्या घरचे वैभव भिंतीवर मांडणे, हीदेखील एक प्रकारची साक्षच होय.

परंतु नुसती चित्रे दाखवून भागत नाही. पाहणाऱ्यांतून काढणारे निघाले पाहिजेत, आणि निघाले तर त्यांना भिंत मिळाली पाहिजे. दालनाच्या शेजारी सार्वजनिक ग्रंथालय होते. घरी एका खोलीत सारे कुटुंब; तेव्हा वस्तीतली मुले संध्याकाळी तेथे जाऊन बसत. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली, त्यांचे मोल ज्याला ठाऊक आहे त्याला ही ऊब कळेल. या मुलांत आयझॅक रोझेनबर्ग होता. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो ठसे कोरणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागला होता. डेव्हिड बॉम्बर्ग शिळाछापाचे काम शिकत होता. मार्क गर्टलर रंगीत काचांच्या कारखान्यात उमेदवार होता. तिघेही पुढे स्लेड या नामांकित कलाशाळेत गेले. पण फी घरून आली नाही. गर्टलर आणि बॉम्बर्ग यांना ज्यू समाजाच्या शिक्षण साहाय्य संस्थेने हात दिला, रोझेनबर्गची फी तीन स्त्रियांनी भरली. गुणाला पैशाची जोड लागते, हे सांगावयास संकोच कसला?

१९१४ साली दालनाने नव्या कलेचे मोठे प्रदर्शन योजले आणि त्यातील ज्यू कलावंतांचा विभाग मांडण्याचे काम तेवीस वर्षांच्या बॉम्बर्गवर सोपवले. वस्तीतल्या पोराने चित्रे निवडली, आणि त्याच्या सोबत्यांच्या चित्रांशेजारी पॅरिसच्या मोदिग्लिआनीचेही काम लागले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. रोझेनबर्ग चित्रकार होता तसा कवीही होता. १ एप्रिल १९१८ रोजी तो फ्रान्समध्ये आघाडीवर मारला गेला. पुढे १९३२ पासून दालनाने 'ईस्ट एन्ड अकॅडमी' या नावाने स्थानिक कलावंतांची प्रदर्शने सुरू केली. ऑल्डगेट पंपाच्या पूर्वेस जो राहतो किंवा काम करतो, त्याने चित्र आणावे. पदवीची अट नव्हती, पत्त्याची होती!

आता ज्या घटनेसाठी आम्ही ही सारी हकीकत सांगत आलो, तिच्याकडे वळू. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधील गेर्निका या गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले. पिकासोने त्यावर साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब असे चित्र रंगवले. ते लंडनला आले तेव्हा प्रथम शहराच्या उच्चभ्रू भागात लागले. तेथे जेमतेम तीन हजार माणसे आली. जानेवारी १९३९ मध्ये तेच चित्र व्हाइटचॅपलला आले. ते आणण्यात स्टेप्नी भागातील कामगार संघटनांच्या मंडळाचा पुढाकार होता. उद्घाटनाला क्लेमंट ॲटली आले. ते त्या वेळी मजूर पक्षाचे नेते होते. एके काळी याच भागाचे महापौर आणि त्याआधी टॉयन्बी हॉलचे चिटणीस. पुढे १९४७ साली हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला तो त्यांच्याच सरकारच्या काळात. प्रवेशाचे मोल काय होते? स्पेनच्या आघाडीवर पाठवता येतील अशा बुटांचा एक जोड! पंधरा हजारांवर लोक आले.

स्पेनचे प्रजासत्ताक त्या बुटांनी वाचले नाही. २६ जानेवारीला बार्सिलोना पडले आणि मार्चअखेर माद्रिद. पण ज्यांना सुधारण्यासाठी पाद्रीबोवांनी चित्रे उसनी आणली, त्याच वस्तीने अठ्ठावन्न वर्षांनी आपल्या कामासाठी आपण चित्र आणले. घेणारा हात देणारा झाला. उपकाराचे दालन हक्काचे झाले ते त्या दिवशी, असे आम्ही मानतो.

पुढे ज्यू कुटुंबे पांगली आणि त्याच गल्ल्यांत पूर्व बंगालचे लोक आले. कारखाने तेच, सुया त्याच. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या तरुण शिवणकामगाराचा वंशद्वेषातून खून झाला, तो दालनापासून हाकेच्या अंतरावर. १९७९ साली दालनाने बंगालच्या कलांचे प्रदर्शन भरवले, १९८८ साली तेथील मलमल आणि कांथा भरतकामाचे. २००९ साली शेजारच्या ग्रंथालयाची इमारत जोडून दालन वाढवले. तेव्हा गेर्निकाच्या चित्रावरून विणलेला भव्य पट तेथे टांगला होता, आणि त्याच्यासमोर एक गोल मेज. कोणत्याही मंडळाने यावे, त्या मेजाभोवती आपली सभा घ्यावी. कलादालनात सभा! आमच्या मनाला हे फार भावले.

आपल्या गावात लंडनची धनदौलत नाही. परंतु फलक रंगवणारे पेंटर आहेत, गणपती घडवणारे कारागीर आहेत, चाळीच्या जिन्यात बसून चित्रे काढणारी पोरे आहेत. नगरपालिकेच्या सभागृहात वर्षातून पंधरा दिवस त्यांना एक भिंत द्यावी. ती रविवारी आणि पाळी सुटल्यावर उघडी असावी. आणि होतकरू मुलाची फी भरण्यासाठी आपण वर्गणी काढावी. पहिली पावती आमच्या नावे फाडा. मात्र दाराशी जो माणूस बसवाल, त्याला एवढे सांगून ठेवा की, येणाऱ्याला कुणाकडे काम आहे असे विचारू नये. त्याला आत नेऊन चित्र दाखवावे.