पाचटाची आच आणि भांडे

सोमेश्वरनगरच्या परिसरात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकतो. हा कालवा १८८५ सालचा. ऊस तुटून कारखान्याकडे गेला की शेतात पाचट उरते. चुलीत घातले तर क्षणात भडकते आणि विझते, म्हणून पुष्कळ शेतकरी ते शेतातच पेटवून देत आले.

१९९६ साली पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था स्थापली. संस्थेने पाचट बंद पिंपात, हवा लागू न देता तापवून त्याचा कोळसा केला व भुकटीच्या कांड्या पाडल्या. या कामाला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला.

आम्हाला मात्र भट्टीपेक्षा भांड्याची गोष्ट मोलाची वाटते. निखाऱ्याची आच बटणाने कमीजास्त होत नाही. शेगडीवर ती मंद करायला आपल्या आज्या वर राख पसरत. इटलीत अल्फोन्सो बियालेत्तीने १९३३ साली आणलेल्या कॉफीपात्रालाही आच सांभाळावी लागते. त्यात वाफेचा व कोंडलेल्या हवेचा दाब गरम पाणी कॉफीच्या भुकटीतून वर ढकलतो. आच मोठी झाली की कॉफी कडवट होते. निखाऱ्यावर ते वेळीच उचलावे लागते. इंडक्शन शेगडीवर तर त्याचे ॲल्युमिनियम तापतच नाही, म्हणून पुढे पोलादी तळाची पात्रे निघाली.

आरतीने कोळशासाठी ‘सराई’ कुकर केला. तळाशी सुमारे १०० ग्रॅम कांड्या, वर थोडे पाणी, त्यात डाळ-भाताचे डबे आणि भोवती बाहेरचे आवरण. गरम वायू आवरण व आतले भांडे यांमधल्या फटीतून वर जातात आणि भांड्याला बाजूनेही तापवतात.

वर्गात हिशेब करून पाहता येईल. अन्न व पाणी मिळून २ किलो, २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ६३० किलोज्यूल लागतात. अशा १०० ग्रॅम कोळशातून ढोबळमानाने २००० किलोज्यूल मिळतात. उघड्या चुलीवर त्यातले दहा टक्केच भांड्यात शिरले तर पाणी कोमटच राहील. एक तृतीयांश शिरले तर जेवण शिजते. उकळी आल्यावर तापमान वाढत नाही, मोठी आच फक्त वाफ उडवते.

भाकरी मात्र सराईत होत नाही. तिला १०० अंशांच्या बरेच वर तापलेला तवा लागतो, म्हणून सराई आली तरी दुसरी चूल घरात राहतेच.