पाहुण्या पक्ष्यांच्या तारखा : दख्खनमधील दोन शतकांच्या नोंदी

महाराष्ट्रात स्थलांतरित पक्ष्यांची आवक पाऊस ओसरण्याआधीच सुरू होते. ऑगस्टमध्ये मुंबई-ठाण्याच्या खाड्यांतील चिखलावर तुतवार आणि चिखल्या उतरतात. सप्टेंबरात नदीकाठी धोबी दिसू लागतात, दिवाळीच्या सुमारास तलावांवर थापट्या आणि तलवार बदकांचे थवे येतात आणि थंडी पडली की पट्टकादंब हंस दाखल होतात. सायबेरिया, मध्य आशिया आणि हिमालयात हिवाळ्यात पाणी गोठते, किडे-दाणे मिळेनासे होतात. त्याच वेळी दख्खनमधील तळी भरलेली असतात आणि शिवारात खाणे मुबलक असते. हे वेळापत्रक आज पाठ सांगता येते, कारण ‘अमुक पक्षी, अमुक ठिकाणी, अमुक दिवशी’ एवढीच साधी नोंद करणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या होत गेली.

पहिल्या दर्शनाला महत्त्व देण्याची रीत मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त खंजन पक्ष्याच्या लक्षणांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. हंगामात तो पहिल्यांदा कुठे दिसला, यावरून त्यात शुभाशुभ सांगितले आहे. खंजन म्हणजेच धोबी किंवा परीट. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे ज्ञान वेगळ्या गरजेतून आले. त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा पाहुणा म्हणजे भोरडी. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या या पक्ष्यांचे थवे पावसाळ्याच्या उत्तरार्धात येऊ लागतात. ज्वारीच्या कणसांत दाणा भरला की ते पिकावर तुटून पडतात. शेताच्या मधोमध लाकडी माळा बांधायचा, त्यावर राखण्या उभा राहायचा आणि थवा वळला की गोफणीतून दगड भिरकावत हाळी द्यायची, ही राखणीची पद्धत त्यातूनच रुजली. पक्षी कधी येतात हे शेतकऱ्याला नेमके ठाऊक असे, पण ते कागदावर उतरत नव्हते.

कागदावरची सुरुवात कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी केली. १८२४ पासून ते मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करत होते. लोकसंख्या, पिके आणि हवामान यांबरोबरच त्यांनी पक्षीही टिपले. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात १८३२ मध्ये त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची सूची छापली गेली. मध्य आशियातून शरदात येणाऱ्या एका फिकट, करड्या-तपकिरी वटवट्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम याच सूचीत आले, आणि तो वटवट्या आजही साइक्स यांच्या नावाने ओळखला जातो.

पुढच्या पिढीत ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात डेव्हिडसन आणि वेंडन यांचा दख्खनच्या पक्ष्यांवरील लेख १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी नोंद म्हणजे बहुधा मारलेला पक्षी. त्याच्या पायाला चिठ्ठी बांधून तीवर ठिकाण आणि तारीख लिहीत. अधिकाऱ्यांची फिरती पावसाळ्यानंतर सुरू होई आणि तोवर बरेचसे पाहुणे येऊन पोचलेले असत. त्यामुळे हिवाळ्यातल्या मुक्कामाची माहिती भरपूर मिळाली, पण आगमनाच्या दिवसांची कमी.

१८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. संस्थापक आठ होते आणि त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. १८८६ पासून निघालेल्या संस्थेच्या नियतकालिकाने सुट्या निरीक्षणांना हक्काची जागा दिली. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई व साष्टीच्या पक्ष्यांवरची लेखमाला १९३६ पासून याच नियतकालिकात लिहिली.

पक्षी कधी येतो हे कळले, तरी तो नेमका कुठून येतो हे नुसत्या निरीक्षणाने कळत नव्हते. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूर वनज्वराची साथ आली. त्याचा विषाणू रशियातील एका विषाणूशी मिळताजुळता असल्याने स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून तो आला असावा, असा संशय घेतला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने १९५९ पासून सोसायटीने मोठ्या प्रमाणावर वलयांकन सुरू केले. बारीक जाळ्यात अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, मोजमाप घ्यायचे, पायात क्रमांक आणि सोसायटीचा पत्ता कोरलेले हलके वलय घालायचे आणि त्याला सोडून द्यायचे, असे हे काम. पक्ष्यांवरचा संशय सिद्ध झाला नाही. मात्र हजारो किलोमीटर दूर सापडलेल्या वलयांवरून भारत आणि मध्य आशिया-सायबेरिया यांना जोडणारे मार्ग स्पष्ट झाले.

दरम्यान पाहुण्यांचे मुक्कामही बदलत होते. गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाली. पैठणच्या जायकवाडी आणि भीमेवरील उजनी या धरणांनी कोरड्या पट्ट्यात विस्तीर्ण जलाशय निर्माण केले आणि उजनीकाठच्या भिगवणचे नाव पक्षिनिरीक्षकांच्या तोंडी झाले. २०२० मध्ये नांदूर मधमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरले. रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ठाणे खाडीला हा दर्जा २०२२ मध्ये मिळाला.

एकविसाव्या शतकात नोंदीचे काम सर्वांच्या हाती आले. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘मायग्रंटवॉच’ उपक्रमाने देशभरातील निरीक्षकांकडून आरंभी नऊ जातींच्या पहिल्या व शेवटच्या दर्शनाच्या तारखा मागवल्या, तर ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर आज कोणीही यादी नोंदवू शकतो. नागालँडमध्ये २०१३ पासून उपग्रह-प्रक्षेपक बसवलेल्या अमूर ससाण्यांनी दख्खनचे पठार आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठल्याचे दिसले. २०२० मध्ये राज्य शासनाने वन्यजीव-लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर ते सालिम अलींचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा करण्याचे ठरवले. तो ऐन स्थलांतराच्या हंगामात येतो.

एखाद्या वर्षीची एक तारीख फारसे सांगत नाही. त्याच तळ्यावरच्या अनेक वर्षांच्या तारखा एकापुढे एक ठेवल्या, की आगमन लांबते आहे का, संख्या घटते आहे का, कोणती पाणथळ पक्ष्यांनी सोडली, हे समजू लागते. पाणथळींच्या संरक्षणाचे निर्णय अशाच पुराव्यावर उभे राहतात, आणि म्हणून गावातल्या तळ्याकाठी केलेली साधी नोंदही मोलाची ठरते.